बारा मात्रांचा पाहुणचार

माद्रिदमध्ये बिऱ्हाड असलेल्या मराठी माणसाकडे जे पाहुणे उतरतात, त्यांच्या सामानात बाकरवडी आणि मेतकूट असते व डोक्यात एक यादी असते. प्रादो संग्रहालय, राजवाडा, फुटबॉलचे ते प्रचंड स्टेडियम आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत ठळक अक्षरांत, फ्लेमेंको, म्हणजे इथले गिटारवरचे गाणे आणि टाचांचा नाच. पहिल्या तीन गोष्टींसाठी पाहुण्यांच्या हातात मेट्रोचे कार्ड ठेवले की यजमानाचे कर्तव्य संपते. फ्लेमेंकोचे तसे नाही. ते रात्री असते, त्याच्याबरोबर खाणेपिणे असते आणि समोर चाललेला प्रकार नेमका कशाबद्दल आहे हे कानात सांगायला घरचे माणूस लागते. त्यामुळे दर उन्हाळ्यात मी फ्लेमेंको बघते. म्हणजे खरे तर, फ्लेमेंको बघणारे पाहुणे बघते.

फ्लेमेंको म्हणजे सबंध स्पेन, अशी पाहुण्यांची पक्की समजूत असते. माझी शेजारीण गालिसियाची आहे. तिच्या प्रांतात पाऊस भरपूर पडतो आणि सणासमारंभाला ‘गाइता’ नावाचा बॅगपाइप वाजतो. आमच्या एका पाहुण्याने तिला जिन्यात गाठून दोन पावले नाचून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते मुंबईच्या लोकलमध्ये एखाद्या बँकेतल्या बाईंना परदेशी प्रवाशाने लावणी करून दाखवायला सांगितल्यावर उमटतील तसेच होते. फ्लेमेंको दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताचे. हेरेस, कादिस, सेव्हिया, ग्रानादा ही त्याची माहेरची गावे. पोटापाण्यासाठी मात्र कलावंतांना राजधानी गाठावी लागते, म्हणून माद्रिदमध्ये रोज रात्री चांगले गाणे आणि चांगला नाच बघायला मिळतो.

ज्या लहानशा जागांमध्ये हे चालते त्यांना ताब्लाओ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या गाण्याच्या कॅफेंचे हे वारसदार. त्यांतला कोराल दे ला मोरेरिया 1956 पासून सुरू आहे. 2010 साली युनेस्कोने फ्लेमेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून तर पाहुण्यांच्या मागणीला अधिकृत शिक्काच मिळाला आहे. ताब्लाओ म्हटले की इथले सोवळे रसिक नाक मुरडतात. ते पर्यटकांसाठी असते, असे त्यांचे म्हणणे. मला ते अर्धेच पटते. खुर्च्यांवर पर्यटक असतात हे खरे, पण फळ्यांवर उभे असतात ते पर्यटक नसतात, आणि समोर कोण बसले आहे यावर नाचणाऱ्याच्या टाचा ठरत नाहीत.

यंदा मावशी आणि काका आले. काका तबल्याची मध्यमा पास झालेले आणि सवाई गंधर्व महोत्सवात दरवर्षी भारतीय बैठकीवर मांडी ठोकून बसणारे. मावशीला संगीत आवडते, पण ते वेळेत संपलेले अधिक आवडते.

ताब्लाओत बहुधा रात्रीचे दोन खेळ असतात. संध्याकाळचा खेळ सोयीचा असतो, पण मी नेहमी दुसऱ्या खेळाचा आग्रह धरते, कारण तोवर कलावंतांचे अंग आणि गळा दोन्ही तापलेले असतात. दुसरा खेळ दहाचा होता. जूनमध्ये इथे पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे काका संध्याकाळच्या फेरफटक्याला निघाल्यासारखे टवटवीत निघाले. पण त्यांनी मनगटावरचे घड्याळ हट्टाने भारतीय वेळेवर ठेवलेले होते आणि दारात शिरताना त्यात दीड वाजायला आला होता. ही बातमी त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचली आणि तत्क्षणी त्यांना जांभई आली.

जागा कुठली मिळते यावर यजमानाची इभ्रत अवलंबून असते. एका ताब्लाओने, त्याचे नाव घेत नाही, मागच्या खेपेला आम्हाला खांबामागे बसवले होते, आणि त्या पाहुण्यांनी नर्तकीचा डावा हात तेवढा बघून परतीचे विमान पकडले. या वेळी मी पहिली रांग मिळवली. खाण्याची बाब सोपी होती, कारण शाकाहारी माणसाला तिथे निवडीचा त्रास नसतो. क्रोकेतासमध्ये बहुधा हॅम, तोर्तियामध्ये अंडे. उरतात त्या तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या आणि बटाट्याच्या फोडी. ‘एवढ्या लांब येऊन आपण बटाट्याच्या काचऱ्या खायच्या,’ असे म्हणत मावशीने त्या आवडीने खाल्ल्या.

दिवे मंदावले आणि गाणे सुरू झाले. इथेच यजमानाची खरी कसोटी लागते, कारण पाहुणा नाच बघायला आलेला असतो आणि फ्लेमेंकोचा प्राण गाण्यात आहे ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. गिटारवाल्याने गायकाच्या पट्टीप्रमाणे तारांवरचा चिमटा सरकवला, गायकाने डोळे मिटले, गुडघ्यावर मूठ ठेवली आणि छातीच्या तळातून जी हाक काढली तिने मावशीच्या हातातला काटा खाली पडला.

‘अगं, ह्याला काय झालंय? ह्याचं कोणी गेलंय का?’

मी कुजबुजत सांगितले की, गाण्यात आई आहे, तुरुंग आहे आणि मरण आहे.

‘मग बरोबर आहे,’ मावशी म्हणाली, आणि त्यानंतर तिने त्या गायकाकडे अत्यंत मायेने पाहिले. सुरेल, गोड गळ्याची अपेक्षा घेऊन आलेल्या कितीतरी जाणकारांपेक्षा तिला तो खरखरीत आवाज लवकर कळला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मग नर्तकी आली. तिने गडद निळा पोशाख घातला होता, त्यामुळे पाहुण्यांच्या मनातला लाल झगा पहिल्याच फटक्यात बाद झाला. ‘आणि ते हातात वाजवायचे चिपळ्यांसारखे?’ मावशीने विचारले. कास्तानेत हे स्पेनच्या अभिजात नृत्यशैलीत अधिक दिसतात, ताब्लाओत क्वचित, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगत आले आहे आणि त्याचा चेहरा पडलेला पाहत आले आहे. नर्तकीने बराच वेळ काहीच केले नाही. ती उभी राहिली, मनगटे फिरवली, गायकाची ओळ ऐकली, दोन पावले टाकली आणि पुन्हा उभी राहिली. फ्लेमेंकोत ही उभे राहण्याची कला फार मोठी मानतात. पाहुण्यांच्या पंक्तीत मात्र याच वेळी ‘सुरू कधी होणार?’ हा प्रश्न येतो. सुरू झाले तेव्हा टेबलावरचे पेले थरथरू लागले. त्या बुटांच्या चवड्याला आणि टाचेला बारीक खिळे दाटीवाटीने ठोकलेले असतात, आणि पहिल्या रांगेतून ते पाऊल उचलले गेल्यावर चमकताना दिसतात. फळ्यांवर त्यांनी पाडलेले टोचे पाहिले की त्या जागेचे वय कळते.

काका जागे झाले ते याच आवाजाने. ते ताठ बसले, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला आणि दोनच आवर्तनांत त्यांनी निर्णय दिला.

‘बारा मात्रा. एकताल आहे.’

चार बोटांची पेरे बाराच भरतात, त्यामुळे त्यांचा हिशोब हाताच्या हाताला जुळत होता. सोलेआ आणि बुलेरिया या प्रकारांची आवर्तने बारा मात्रांचीच असतात, इथवर काका शंभर टक्के बरोबर होते. पंचाईत अशी की, त्यांतले जोरकस ठोके तीन, सहा, आठ, दहा आणि बारा या मात्रांवर पडतात, आणि नर्तकी आपली तुकडेबाजी संपवून जिथे थाडकन थांबते ती मात्रा बहुतेक वेळा दहावी असते. काका समेवर दाद द्यायला हात उचलत आणि बाई त्यांच्या आधीच थांबून हनुवटी वर करून उभी राहिलेली असे. शिवाय टाळ्या वाजवणारे दोघे ठोक्यांच्या मधल्या जागा भरत होते, आणि रिकाम्या लाकडी खोक्यावर बसलेला तिसरा माणूस तेच खोके बडवून आणखी गोंधळ घालत होता. हे कहोन नावाचे वाद्य मूळचे पेरूचे. गिटारवादक पाको दे लुसियाने 1970 च्या दशकात ते फ्लेमेंकोत आणले. काकांना मी हे सांगितले, पण त्यांना वाद्याच्या गावाशी कर्तव्य नव्हते.

‘तीन मात्रा आधी आली,’ काका म्हणाले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. ‘परत आधीच. कोणीतरी सांगायला हवं तिला.’

एवढ्यात मागच्या टेबलावरची मंडळी वाढदिवसाला वाजवतात तशा टाळ्या वाजवू लागली. गिटारवाला नम्रपणे हसला, म्हणजे त्याने दात दाखवले. एवढ्या अवघड गणितात आगंतुकाची टाळी कलावंतांना नको असते. तिथे ‘ओले’ म्हणायचे, आणि तेही जागा पाहून. ते शास्त्र मात्र काकांना शिकवावे लागले नाही. आयुष्यभर योग्य जागी ‘वाहवा’ म्हणत आलेला माणूस तो. मात्रांबद्दल तीव्र मतभेद कायम ठेवूनही त्यांची दाद अशी नेमकी पडली की खोकेवाल्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले.

नाच ऐन भरात असताना नर्तकीच्या अंबाड्यातली छोटी फणी उडाली आणि मावशीच्या बटाट्यांत येऊन पडली. ताब्लाओत केसांतल्या फण्या आणि फुले उडणे नेहमीचेच आहे, आणि त्याने नाच रंगल्याची पावती मिळते असे लोक मानतात. मावशीच्या संस्कारांत मात्र दुसऱ्याची वस्तू तत्काळ परत करणे बसते. तिने फणी रुमालाने पुसली, उभी राहिली आणि दोन टाचांच्या तडाख्यामधून हात पुढे करून, ‘बाई, तुमची फणी,’ असे शुद्ध मराठीत सांगू लागली. मी तिला पदराला धरून खाली बसवले. शेवटी सगळ्यांनी मिळून बुलेरिया धरली, गायकानेही अगदी दोन पावले टाकून टाळ्या घेतल्या आणि फोटोंना परवानगी मिळाली. फणी मावशीच्या मुठीतच राहिली.

बाहेर आलो तेव्हा टाळ्या वाजवणारा तरुण भिंतीला टेकून सिगारेट ओढत उभा होता. मावशीने माझ्यामार्फत फणी त्याच्या स्वाधीन केली आणि आता घरी जाऊ, अशी मला आशा वाटली. काकांनी मात्र त्याला गाठले.

‘ह्याला विचार, एक कुठे आहे?’

तरुणाने समजावले की तो मोजणी बारापासूनच सुरू करतो; बारा, एक, दोन, मग तीनवर जोर. मी ते जसेच्या तसे मराठीत सांगितले.

‘बारापासून? मग हे लोक महिना काय एकतीस तारखेला सुरू करतात आणि दहा तारखेला संपवतात?’

हे वाक्य स्पॅनिशमध्ये नेण्याची हिंमत मला झाली नाही. तशी गरजही पडली नाही, कारण काकांनी ‘धिं धिं धागे तिरकिट’ सुरू केले होते आणि तरुणाने सिगारेट विझवून त्यावर टाळी धरली होती. एकमेकांचे अवाक्षर न कळणारी ती दोन माणसे एकमेकांच्या चुका इतक्या बारकाईने काढत होती की दीडची शेवटची मेट्रो आमच्याविना गेली. मी टॅक्सी थांबवली, तर काकांनी तिच्या बॉनेटवर एकतालाचा ठेका सोदाहरण सुरू केला. चालक संतापेल असे वाटले होते. तो काच खाली करून, आपण हेरेसचे असल्याचे सांगून, बुलेरिया अशी नव्हेच, असे म्हणत खाली उतरला आणि टपावर स्वतःचा ठेका वाजवू लागला.

मावशी मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तिने थोडा वेळ पुढचा लाल आकडा वाढताना पाहिला आणि मग काचेतून डोके बाहेर काढून मला विचारले,

‘ह्या मीटरची सम कुठे येते गं?’