खुलासा : लेबलखालची मेल पुसली जात नाही

आपल्या बडोद्याच्या मंडळींत एक निरोप फिरतोय : ‘जीमेलमध्ये फिल्टर लावून ग्रुपची मेल वेगळ्या लेबलखाली टाकली, की ती ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते.’ हे खरं नाही. (फिल्टर म्हणजे आलेली मेल आपोआप लावून ठेवणारा नियम, लेबल म्हणजे मेलला लावलेली नावाची चिठ्ठी.) ३० दिवसांची मुदत फक्त ट्रॅश (काढून टाकलेली मेल) आणि स्पॅम (नको असलेली फालतू मेल) यांमधल्या मेलला आहे. फिल्टरमध्ये ‘स्किप द इनबॉक्स’ (मेल इनबॉक्समध्ये न दाखवण्याचा पर्याय) निवडलं तरी मेल ‘ऑल मेल’मध्ये राहते, अगदी लेबल काढून टाकलं तरीही. मी स्वतः पाहिलं : दांडिया बाजारच्या गणेशोत्सवाची दोन वर्षांपूर्वीची वर्गणीची यादी माझ्या लेबलखाली अजून आहे. फिल्टरमध्ये ‘डिलीट इट’वर मात्र खूण करू नका, ती मेल थेट ट्रॅशमध्ये जाते, घोळ बहुधा तिथूनच झाला असावा. काही ज्येष्ठांनी घाबरून सगळे फिल्टर काढले, याचं फार वाईट वाटलं. कृपया तो निरोप पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा कळवा.