काय, अजून पाहिला नाहीस?

विज्ञानपट आवडतात असं चारचौघांत बोलून बसलात ना? झालं. आता कुणीतरी मान किंचित तिरकी करून म्हणणार, ‘मग तो पाहिलाच असशील,’ आणि तुम्ही जन्मात न ऐकलेलं एक नाव घेणार. तुम्ही बापडे खरं बोलून मोकळे होणार. मग ते वाक्य येणार. ‘काय? अजून पाहिला नाहीस?’ यातला ‘अजून’ नीट ऐका. सगळी धार त्या ‘अजून’ला आहे आणि तो कुणालाही लावता येतो. मी एकदा सात वर्षांच्या मुलाला लावला होता.

तुम्हाला त्या वाक्याच्या पलीकडे, विचारणाऱ्यांच्या बाकावर नेऊन बसवावं, एवढ्यासाठीच हे लिहितोय. ‘प्रत्येक विज्ञानपटप्रेमीने पाहिलेच पाहिजेत’ अशा चित्रपटांवरून मी गेली वीस वर्षं भांडतो आहे. या भानगडीत चित्रपट पाहायला फारसा वेळ मिळाला नाही, पण त्यावाचून अडलंही नाही.

आधी एक शब्द शिकून घ्या: ‘धरणे’. आमच्यात चित्रपट नुसता पाहून भागत नाही, तो धरला जावा लागतो. फोनवर पाहिलेला धरत नाहीत. डब केलेला धरत नाहीत. लहानपणी पाहिलेला धरत नाहीत, कारण तेव्हा तुम्हाला काय कळत होतं? मध्येच झोप लागली तर धरत नाहीत. या शेवटच्या नियमाला काही अपवाद आहेत, ते माझ्यापुरते आहेत.

आता यादी. यादी स्वतःची हवी, ती कधीही पूर्ण सांगायची नाही, आणि तिची सुरुवात मूकपटाने करायची. नवखी मंडळी इथे हमखास जॉर्ज मेलिएसच्या १९०२ सालच्या चांद्रसफरीवर उडी मारतात. चंद्राच्या डोळ्यात रॉकेट रुतलेलं असतं, तोच. मोठी चूक! तो जेमतेम चौदा मिनिटांचा आहे. तुमचं व्याख्यान संपायच्या आत समोरच्याने तो पाहून टाकला तर काय कराल? शिवाय तो गमतीदार आहे, लोकांना चक्क आवडतो. यादीत अशा दोन-तीन गोष्टी शिरल्या की यादीचं वजन गेलंच म्हणून समजा.

त्यापेक्षा ‘मेट्रोपोलिस’ घ्या. फ्रिट्झ लांग, १९२७. सुरुवातीच्या खेळांनंतर त्याला एवढी कात्री लागली की पुढची ऐंशी वर्षं लोक तुटका चित्रपट पाहूनच भारावत राहिले. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ अखंड प्रत सापडली. यात तुमची दोन्ही बाजूंनी सोय आहे. समोरच्याने तो त्याआधी पाहिला असेल तर म्हणायचं, ‘म्हणजे तू पाहिलाच नाहीस.’ नंतर पाहिला असेल तर सुस्कारा सोडायचा, ‘तुमचं बरंय, आम्ही तुकड्यांवर दिवस काढले.’ आणि कुणी फारच कौतुक करायला लागला, तर विज्ञानकथाकार एच. जी. वेल्सने या चित्रपटाला तेव्हाच मूर्खपणाचा नमुना ठरवलं होतं, हे खिशात असू द्या.

मग येतो कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’. हा टाळता येत नाही. १९६८ सालचा, सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं त्यात एक अक्षर कुणी बोलत नाही. वानरं असतात, काळा दगड असतो, हाड असतं. वानर ते हाड वर भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर हाडाच्या जागी अंतराळयान. हे दृश्य आलं की काहीही बोलू नका. डोळे बारीक करा, शेजाऱ्याच्या दंडावर हात ठेवा आणि सोडून द्या. ज्याला कळलं त्याला कळलं, ज्याला नाही कळलं त्याचा दंड तरी दाबला गेला.

हा चित्रपट कंटाळवाणा आहे असं म्हणणारा प्रत्येक बैठकीत एक तरी निघतो. त्याच्याशी वाद घालू नका, कारण तो बहुधा चित्रपट पाहून आलेला असतो. त्याला एवढंच विचारा, ‘त्या एकोणीस मिनिटांबद्दल काय म्हणशील?’ पहिल्या काही खेळांनंतर कुब्रिकने स्वतःच चित्रपटातली सुमारे एकोणीस मिनिटं कापून टाकली होती. ती त्याने पाहिलेली नाहीत, तुम्ही पाहिलेली नाहीत, पण प्रश्न तुम्ही विचारलाय, त्यामुळे ती तुमची झाली. कापूनही उरतात पावणेदोन तासांच्या वर आणखी पस्तीसेक मिनिटं. मी हा तीन वेळा पाहिला आहे. तिन्ही वेळा यानातल्या संगणकाचा लाल डोळा दिसेपर्यंत जागा होतो आणि तिन्ही वेळा जाग आली तेव्हा पडद्यावर एक बाळ माझ्याकडे बघत होतं. मधलं सगळं मी चिंतनाने भरून काढलेलं आहे. तीन वेळा धरले आहेत.

रशियन एक तरी हवाच. तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’, १९७२. त्यात एक माणूस मोटारीत बसून बोगद्यांतून आणि उड्डाणपुलांवरून जातो. जातो म्हणजे किती? पाचेक मिनिटं तो नुसता जातच असतो. भविष्यातलं शहर म्हणून जे दिसतं ते तेव्हाचं टोकियो आहे. ही माहिती त्या दृश्याच्या तिसऱ्या मिनिटाला पुरवायची, त्याआधी नाही. तोपर्यंत माणसं कोणत्याही माहितीला भुकेलेली असतात. मूळ कादंबरीकार स्टॅनिस्लाव लेमला हा चित्रपट अजिबात पटला नव्हता. माझा ‘सोलारिस’ सोडून याने ‘गुन्हा आणि शिक्षा’च केलंय, अशा अर्थाचं तो बोलला होता. तेव्हा समोरच्याने चित्रपट पाहिला असेल तर तुम्ही लेमच्या बाजूचे, कादंबरी वाचली असेल तर तारकोव्हस्कीच्या. दोन्ही केलं असेल तर घड्याळ बघा आणि उठा.

आणि ‘स्टॉकर’! पहिल्यांदा चित्रित केलेली बरीचशी फिल्म प्रयोगशाळेत धुताना खराब झाली म्हणून तारकोव्हस्कीने तो जवळजवळ सगळा पुन्हा चित्रित केला. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर तो वाया गेलेला आहे. नंतरचा ठीक आहे.

पण खरं ब्रह्मास्त्र ‘ब्लेड रनर’. रिडली स्कॉटचा हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी लागला. त्याच दिवशी ‘द थिंग’ही लागला. दोन आठवड्यांपूर्वी आलेला ‘ई. टी.’मधला तो गोड परग्रहवासी, ज्याला घरी फोन करायचा असतो, तिकीटबारीवर ठाण मांडून होता. त्याच्यापुढे दोघेही पडले. आज मात्र ‘मी तेव्हाच ओळखलं होतं’ म्हणणारे इतके भेटतात की त्यांनी त्या वेळी एकेक तिकीट काढलं असतं तर चित्रपट पडलाच नसता. तुम्ही त्यांच्यात सामील व्हा. जन्मसाल आड येत असेल तर वडिलांचं नाव पुढे करा.

या चित्रपटाच्या सात आवृत्त्या आहेत असं मोजणारे मोजतात. पहिल्या प्रदर्शनात नायकाचं निवेदन होतं आणि शेवट गोड होता. १९९२ मध्ये निवेदन गेलं, गोड शेवट गेला, स्वप्नात एकशिंगी घोडा आला. २००७ मध्ये ‘फायनल कट’ आला. म्हणून कुणी म्हणालं की ‘ब्लेड रनर’ पाहिला, तर लगेच अभिनंदन करू नका. शांतपणे विचारा, ‘कुठली आवृत्ती?’ निम्मे तिथेच गारद होतात. उरलेल्यांसाठी एक बारीक चाचणी आहे, ती माझी स्वतःची. शेवटी गच्चीवर, धो धो पावसात, मरणाच्या दारात बसलेला तो यंत्रमानव हातातलं पांढरं कबूतर सोडून देतो. जुन्या आवृत्तीत ते कबूतर उडतं तेव्हा वर लख्ख निळं आकाश आहे, पाऊस गेला कुठे ते विचारायचं नाही. २००७ मध्ये ते आकाश अंधारं करून चूक दुरुस्त केली. तेव्हा प्रश्न असा टाकायचा: ‘कबूतर उडालं तेव्हा आकाश कसं होतं?’ याच्यापुढे टिकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

नायक स्वतः माणूस की यंत्रमानव, या वादात मात्र पडू नका. दिग्दर्शक म्हणतो यंत्रमानव. ती भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड वर्षानुवर्षं म्हणत राहिला माणूस. ज्यांनी तो बनवला त्यांचंच जुळत नाही, तिथे तुमचा घसा कशाला?

एवढ्यावर भागलं नाही तर व्याख्येचा प्रश्न काढा. ‘पण हा विज्ञानपट आहे का?’ हे वाक्य कुठल्याही चित्रपटाला चालतं, म्हणून ते पाठच असलेलं बरं. आमच्या बैठकीत एका संध्याकाळी चाळीस नावांची यादी झाली. एका मित्राच्या हातात लाल पेन्सिल होती. ‘स्टार वॉर्स’ पहिल्या मिनिटात गेला: तलवारी, राजकन्या, म्हातारा मांत्रिक, ही परीकथा आहे; शिवाय त्यातला वैमानिक ‘बारा पार्सेकच्या आत’ अशी वेगाची फुशारकी मारतो आणि पार्सेक हे अंतर आहे, सव्वातीन प्रकाशवर्षांचं. ‘एलियन’ गेला, तो भुताचा वाडा. वाडा अंतराळात आहे इतकंच. ‘टर्मिनेटर’ म्हणजे पाठलाग, पुसा. ‘ब्लेड रनर’ पावसातली डिटेक्टिव्हगिरी. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ म्हणजे शेक्सपिअरचं ‘टेम्पेस्ट’, नाटकवाल्यांना द्या. ‘मेट्रिक्स’वर जरा वेळ गेला. त्यात यंत्रं माणसांपासून वीज काढतात, पण माणसाला पोसायला त्याहून जास्त ऊर्जा लागेल हे शाळकरी पोरालाही कळतं, असं म्हणून तोही गेला.

मध्यरात्रीला कागद लाल झाला होता आणि एकच नाव शिल्लक होतं: ‘प्रायमर’. २००४ सालचा, सत्त्याहत्तर मिनिटांचा, अवघ्या सात हजार डॉलरांत केलेला. दोन इंजिनिअर गॅरेजमध्ये एक खोकं बनवतात आणि त्यात बसून काही तास मागे जातात. मग त्यांच्याच प्रती त्यांच्याच मागे फिरू लागतात. पुढचं मला विचारू नका. तो उरला, कारण त्याच्यावर हरकत घेण्याइतका तो कुणालाच कळला नव्हता. सर्वांनी गंभीरपणे मान डोलावली आणि आम्ही एकमताने तो अत्यावश्यक ठरवला. आमच्या वीस वर्षांतलं हे एकमेव एकमत.

चुका काढायची सवय ठेवा. ‘इंटरस्टेलर’मध्ये पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. याचं गणित किप थॉर्नने बसवून दिलं होतं आणि थॉर्नला पुढे २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालं. घाबरू नका. ‘थॉर्न त्याच्या जागी ठीक आहे,’ एवढं म्हणून थांबायचं. त्याची जागा कोणती हे कुणी विचारत नाही.

शेवटचं, आणि हे जिवापाड जपा. स्वतःला मनापासून आवडणारा चित्रपट कधीही यादीत घालू नका. माझा सांगतो, पण हे आपल्यात राहू द्या. ‘बॅक टू द फ्यूचर’, पहिला. मागच्या सुट्टीत भाचीला दाखवला. नायकाकडे भावंडांसोबतचा एक फोटो असतो आणि आईवडिलांचं जुळत नाही तसतशी त्यातली भावंडं पुसट होत जातात. आधी थोरल्या भावाचं डोकं जातं. ते दिसताच भाची उठून पडद्याशी गेली आणि बोट लावून फोटोतली माणसं मोजू लागली. ‘मामा, आता दोनच उरले!’ मी म्हणालो, अगं बस, होईल नीट. पण मला आठवत होतं तरी मीही मोजतच होतो. बैठकीत कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की कालप्रवासाच्या दृष्टीने हा फोटो हळूहळू पुसट होण्याला काहीही आधार नाही. तेही खरंच आहे.

परवा आमच्यात एक नवी मुलगी आली. एका मित्राची धाकटी बहीण. तिला यादी नको होती. तिने विचारलं, ‘दादा, एकच सांगा ना, आज रात्री कोणता बघू?’ आम्ही नऊ जण होतो. अडीच तास झाले. मूकपटापासून सुरुवात करावी की मागून यावं, इथपर्यंत आम्ही पोचलो होतो. तेवढ्यात ती केव्हा निघून गेली ते कळलं नाही.

पुढच्या खेपेला आली ती बसायच्या आधीच सांगू लागली. नाव तिला धड आठवत नव्हतं. ‘तो हो, ज्यात सारखा पाऊस पडत असतो. शेवटी तो गोरा माणूस गच्चीवर बसतो, हातात कबूतर धरून. आणि मग काय काय पाहिलंय ते सांगतो.’ ती मध्येच थांबली. कुणीच काही बोललं नाही. लाल पेन्सिलवाला मित्रही खाली बघत होता.

अशा वेळी कुणीतरी बैठक सावरावी लागते. मी घसा खाकरला आणि विचारलं, ‘कबूतर उडालं तेव्हा आकाश कसं होतं? निळं, की काळं?’

‘काय माहीत दादा,’ ती म्हणाली, ‘माझे डोळे भरले होते.’

असा पाहिलेला आम्ही धरत नाही. पुन्हा पाहायला सांगितलाय.