‘सराव घ्या’ हे उत्तर नव्हे

आजच्या प्रशिक्षणात एका नव्या शिक्षिकेने उभे राहून विचारले, “सर, माझ्या वर्गातला एक मुलगा ‘सर्प’ हा शब्द ‘सपर’ असा वाचतो, काय करू?” तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणाले, “सराव घ्या,” आणि पडद्यावर पुढची स्लाइड आली. ती बिचारी खाली बसली. माझा मात्र दिवसभर संताप झाला आहे.

कारण एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा ‘गर्दी’ला ‘गदीर’ म्हणत असे. ओळीवर बोट ठेवून, प्रत्येक अक्षरावर थांबत तो वाचायचा आणि मी दर वेळी “लक्ष कुठे आहे तुझे?” म्हणून त्याला दटावायचे. असे दीड वर्ष चालले. मी तेव्हा डी.एड., बी.ए., बी.एड. होते आणि एम.एड. करत होते. पियाजे आणि वायगॉट्स्की हे बालमानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रातले मानक विचलन, सारे मला पाठ होते. माझ्या प्रबंधाचा विषय ‘वाचनाची आवड’ हा होता. त्यासाठी मी १२० मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली, पण त्यांतल्या एकाही मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकले नाही, आणि ऐकायला मला कोणी सांगितलेही नाही.

पुढे उन्हाळी सुट्टीतल्या एका कार्यशाळेत कळले की त्या मुलाचे लक्ष पूर्णपणे पुस्तकातच होते. रफार, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा अर्धा ‘र’, उच्चारात आधी येतो, पण लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. पहिल्या वेलांटीचे याच्या उलट आहे, ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. तो मुलगा डावीकडून उजवीकडे, जसे दिसेल तसे प्रामाणिकपणे वाचत होता. आपल्या लिपीची ही साधी गोष्ट मला चार पदव्यांत कोणी शिकवू नये, याचा राग आजही येतो.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हा प्रत्येक स्टाफरूममध्ये नोकऱ्यांची चर्चा झाली, आणि ती स्वाभाविकच होती. पण डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचे डी.एड.) असो, बी.एड. असो की एम.एड., त्यात मुलाला वाचायला कसे शिकवायचे हे किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली शिकवतात, हा प्रश्न कोणी काढला नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीचे प्रत्येक मूल समजून वाचेल असे ठरले. उद्दिष्ट उत्तमच आहे, परंतु ते ज्याच्या हातून गाठायचे त्याला ‘सपर’ का होते हे माहीत नसेल तर तो माहिती भरण्यापलीकडे काय करणार?

दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात निवडणुकीची कामे, हे सारे खरे आहे. पदव्युत्तर पदवी नसताना ज्या बाईंनी आम्हाला वाचायला शिकवले त्याही खऱ्या. पण म्हणून शिकवण्याचे शास्त्रच नको, असे म्हणता येत नाही.

हे शास्त्र मराठीत नाही असेही नाही. मूळच्या अमेरिकेतल्या मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला राहून मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षे काम केले. भाषाविज्ञानाच्या अभ्यासक असल्याने आणि मोठेपणी मराठी शिकल्याने, आपल्याला सवयीने दिसेनाशा झालेल्या अडचणी त्यांना दिसल्या असाव्यात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षण या विषयात एम.ए. सुरू केले. मग आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात, एम.एड.च्या विद्यार्थ्याने वर्षभर एका मुलाला वाचायला शिकवावे आणि प्राध्यापकाने शेजारी बसून पाहावे, एवढे का होऊ नये? प्रबंध हवा तर त्या एका मुलावर लिहू द्यावा.

रात्री शांतपणे विचार केल्यावर त्या मार्गदर्शकांचाही राग ओसरला. त्यांनाही हे कोणी शिकवलेले नसणार.

सभा सुटल्यावर मी त्या शिक्षिकेला फाटकाजवळ गाठले आणि मिळालेल्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ‘सरप’ लिहिले. म्हटले, आधी त्याला हा शब्द सावकाश म्हणू दे, मधला ‘र’ ऐकू दे, मग तो ‘र’ त्याच्याच हाताने खोडून घे आणि ‘प’च्या डोक्यावर रफार काढायला लाव. तिने ते दोनदा करून पाहिले आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. उद्या पहिल्याच तासाला त्याला जवळ बसवते, म्हणाली.