हायमास्ट लावला, आता कोपरा कोण सरळ करणार?

फाट्यावर अपघात झाला की पुढचा कार्यक्रम ठरलेला. आधी रास्ता रोको, मग हायमास्ट, मग खांबाला उद्घाटनाची पाटी. झाला चौक सुधारून! दिवसाढवळ्या गाड्या धडकतात त्यावर दिव्याचा उजेड काय करणार, राव?

फाट्याचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस, वाळवा, कुठल्याही अंगाला जा, मोठ्या रस्त्याला गावचा रस्ता असाच तिरका येऊन चिकटलेला सापडेल. जुनी गाडीवाट होती, तिच्यावरच डांबर ओतलं. ४०-४५ अंशांत रस्ता मिळाला की मागून काय येतंय ते बघायला मान पार खांद्यावरून वळवावी लागते. त्यात मागं उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरवाल्याला दिसणार काय, कपाळ?

हिशेब करा. डबल ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर धरा १८ मीटर, ओलांडायचा रस्ता साइडपट्ट्यांसकट १० मीटर. म्हणजे २८ मीटर जायचंय. भरलेला ट्रॅक्टर तिथं ताशी १० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर सरकतो. दहा सेकंद गेले. तेवढ्यात ताशी ५० नं येणारी गाडी १४० मीटर पुढं आलेली असते. म्हणजे कोपऱ्यावरून दीडशे मीटर मोकळं दिसायलाच हवं. आणि दिसतं काय? भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यामागं टपरी, टपरीपुढं वडापची, म्हणजे शीटं भरून नेणारी जीप. गावाकडच्या रस्त्याला गतिरोधक म्हणून हातभर रुंदीचा डांबराचा ढीग. प्रमाणित उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आधी पाटी आणि वर पांढरे पट्टे असतात. हा ढीग नुसता कंबर मोडतो, वर ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर सांडतो.

"उड्डाणपूल मंजूर करून आणतो" म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, नको. गावच्या रस्त्याचे शेवटचे २५-३० मीटर वाकवा आणि तो मोठ्या रस्त्याला जवळजवळ काटकोनात आणून मिळवा. जागा बहुतेक वेळा असतेच. आता जे अघळपघळ डांबर पसरलंय, ज्यावर जो तो आपली वेगळी लाइन धरून घुसतो, तेच आवरायचं. गावच्या रस्त्याच्या तोंडाशी मधोमध लांबट बेट घाला, म्हणजे येणारा आणि जाणारा वेगळे होतील. पायी माणसाला अर्ध्यात थांबायला त्या बेटावर निदान सव्वा मीटर जागा ठेवा. लगेच काँक्रीट नको! आधी चुन्यानं आखा, वाळूची पोती मांडा, दोन-तीन आठवडे बघा. डबल ट्रॉली वळताना मागची चाकं आतल्या बाजूला कापतात. पोती कुठं चिरडली जातात तिथं खूण करा. कोपऱ्याचा तेवढा भाग सात-आठ सेंटिमीटर उंचीचा, उताराच्या कडेचा करायचा. ट्रॉली त्यावरून जाईल, कार-मोटरसायकल मात्र त्यावर चढायला टाळेल आणि वेग कमी ठेवेल. हे न बघता चौकोनी कठडा बांधला, तर पहिल्याच गळीत हंगामात फुटणार.

एसटीचा थांबा कोपऱ्यावर नको. चौक ओलांडून पुढं निदान पन्नास मीटरवर, रस्त्याच्या बाहेर खाच करून. वडापलाही तिथंच जागा द्या. जागा न देता नुसतं हुसकावलं की संध्याकाळी जीप परत कोपऱ्यावर उभी.

आणि डांबराचे थर! जुना थर न खरवडता दरवेळी वर नवा. मधला रस्ता वर, साइडपट्टी वीतभर खाली. ट्रक अंगावर आला तरी दुचाकीवाला खाली उतरत नाही, कारण उतरला की आपटलाच. आधी खरवडा किंवा साइडपट्टी मुरमानं भरून, दाबून रस्त्याच्या पातळीला आणा.

पट्टे मारायचे ते पाऊस संपल्यावर, कोरड्या डांबरावर, थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे वितळवून ओतायच्या जाड रंगाचे. साधा रंग उसाच्या वाहतुकीखाली टिकत नाही. म्हणजे पावसाळा उलगडल्यापासून कारखान्याचा बॉयलर पेटेपर्यंत जेमतेम महिना मिळतो, त्याचं टेंडर उन्हाळ्यातच निघायला हवं. आणि नव्या बेटावर पहिला फ्लेक्स उभा राहील, तो कुणी उतरवायचा हेही त्याच कागदावर आधी लिहून घ्या.