"भिंती रंगवणारी पोरं गुन्हेगार होतात" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सुरुवात "पालकांनो, वेळीच जागे व्हा" अशी, शेवटी "किमान दहा जणांना पाठवा" असा आदेश, आणि सोबत वेड्यावाकड्या रेघोट्यांनी भरलेल्या एका भिंतीचा फोटो. म्हणणं थोडक्यात असं: भिंती रंगवणारी मुलं गुन्हेगारीच्या पहिल्या पायरीवर असतात, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध केलंय. न्यूयॉर्कने रेल्वेचे डबे धुऊन काढले आणि शहरातले खून थांबले. ग्राफिटी, म्हणजे भिंतींवर-डब्यांवर रंगवलेली नावं आणि चित्रं, ही टोळ्यांची सांकेतिक भाषा आहे. कला महाविद्यालयात प्रवेश न मिळालेले लोक रस्त्यावर येतात. कायदा याला कला मानत नाही. टोपणनावाने भिंती रंगवणाऱ्या ब्रिटिश कलाकार बँक्सीसारखे लोक बंडखोरीचं सोंग घेऊन कोट्यवधी कमावतात. आणि मधोमध ठळक अक्षरांत: "असा मुलगा दिसला तर दया दाखवू नका, पोलिसांच्या हवाली करा."

हा मेसेज माझ्या ताईपर्यंत पोचला. तिची मुलगी १९ वर्षांची आहे, भित्तिचित्रं काढायला शिकतेय आणि भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. ताईने तिचे स्प्रेचे डबे कपाटात कोंडले आणि मला मेसेज पाठवून खाली लिहिलं, "मावशी म्हणून तूच तिला या नादाला लावलंस, आता वाच." वाचला. उत्तर ताईला एकटीला न देता सगळ्यांसमोर देतेय, कारण हे वाचून घाबरलेली ती एकटीच आई नसणार.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" हे आधी घेते. सगळी भीती तिथूनच येते.

ज्या प्रयोगाचा हवाला दिलाय तो मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांचा, १९६९ सालचा. त्यांनी दोन गाड्या नंबरप्लेट काढून आणि बॉनेट उघडं ठेवून रस्त्यावर सोडल्या. एक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, दुसरी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला. ब्राँक्समधली गाडी दहा मिनिटांत लुटली जाऊ लागली. पहिले हात मारणारे कोण होते? आई, वडील आणि त्यांचा लहान मुलगा. त्यांनी रेडिएटर आणि बॅटरी काढून नेली. पालो आल्टोतल्या गाडीला आठवडाभर कोणी हात लावला नाही. शेवटी झिंबार्डोंनी स्वतः तिच्यावर घण घातला, तेव्हा कुठे येणारेजाणारे त्यात सामील झाले. या प्रयोगात भिंत नाही, रंग नाही, चित्र नाही. स्प्रेचा डबा हातात घेतलेला एकही पोरगा नाही.

मग ग्राफिटी यात शिरली कुठून? मार्च १९८२मध्ये जेम्स क्यू. विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी 'द अटलांटिक' मासिकात 'ब्रोकन विंडोज' (फुटक्या खिडक्या) हा लेख लिहिला. संशोधनपत्रिकेत नव्हे, मासिकात. त्यांनी झिंबार्डोंच्या गाड्यांचा दाखला दिला, आणि त्याच लेखात भुयारी रेल्वेतल्या ग्राफिटीचाही विषय काढला. पण तो कशासाठी? रंगलेला डबा पाहून प्रवाशाला वाटतं की इथे कोणाचाच ताबा उरलेला नाही, आणि तो घाबरतो, एवढं सांगण्यासाठी. प्रवासी घाबरतो आणि रंगवणारा खुनी होतो या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र कालवल्या आणि वर शास्त्राचा शिक्का मारला.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात काही संशोधकांनी खरंच प्रयोग केले आणि ते २००८मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आले. टपालपेटीतून एक पाकीट अर्धवट बाहेर लोंबत ठेवलं, आतली ५ युरोची नोट दिसेल असं. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते पळवलं, पेटीवर खुणा फराटलेल्या असताना २७ टक्के लोकांनी. आकडे खरे आहेत, प्रयोग नीट केलेला आहे, आणि विद्रूप केलेल्या जागी माणसं नियम जास्त मोडतात हे त्यातून दिसतं. पण तो पुढेही वाचा. पेटीभोवती नुसता कचरा टाकला तरी चोऱ्या जवळपास तितक्याच, २५ टक्के. बेकायदा फटाक्यांचा आवाज, वाटेल तिथे सोडलेल्या खरेदीच्या ट्रॉल्या, यांनीही लोक असेच बेशिस्त वागले. शिवाय पेटीवरच्या त्या खुणा साध्या, ओबडधोबड होत्या, कोणी आठवडाभर खपून काढलेलं भित्तिचित्र नव्हतं. आणि पाकीट पळवलं ते वाटेने जाणाऱ्या साध्या लोकांनी. रंगवणाऱ्याचं पुढे काय होतं, याबद्दल त्या प्रयोगात अक्षरही नाही.

आता ते ठळक वाक्य, "दया दाखवू नका." या वाक्याने माझं डोकं सर्वांत जास्त फिरलं, कारण दया न दाखवल्यावर काय होतं हे इतिहासात नोंदलेलं आहे.

१५ सप्टेंबर १९८३. मायकल स्टुअर्ट, वय २५, न्यूयॉर्कच्या फर्स्ट ॲव्हेन्यू भुयारी स्थानकात भिंतीवर काहीतरी लिहिल्याच्या आरोपावरून पकडला गेला. पोलिसांनी त्याला रुग्णालयात आणलं तेव्हा हातपाय बांधलेले होते आणि तो शुद्धीवर नव्हता. तेरा दिवसांनी तो गेला. खटला झाला आणि १९८५मध्ये आरोपी पोलीस निर्दोष सुटले. न्यूयॉर्कच्या त्याच कलावर्तुळात वावरणाऱ्या चित्रकार जाँ-मिशेल बास्कियाने हा प्रसंग कीथ हेरिंग या दुसऱ्या चित्रकाराच्या स्टुडिओच्या भिंतीवर रंगवला. हेरिंगने भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढला आणि आपल्या पलंगाच्या डोक्याशी लावला.

१९ ऑगस्ट २०११, कोलंबियाची राजधानी बोगोता. दिएगो फेलिपे बेसेर्रा, वय १६. कार्टूनमधल्या फेलिक्स नावाच्या मांजराचं चित्र हा पोरगा भिंतींवर काढायचा. पोलिसाची गोळी त्याच्या पाठीत लागली. पोलिसांनी आधी सांगितलं की हा बस लुटणाऱ्यांपैकी होता. पुढे उघड झालं की घटनास्थळी नंतर पिस्तूल आणून ठेवण्यात आलं होतं. गोळी झाडणाऱ्याला शिक्षा झाली, आणि २०१३मध्ये बोगोता शहराने ग्राफिटीसाठी नियम करून कुठे रंगवता येईल आणि कुठे नाही हे ठरवून दिलं. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक आईबापाने त्या पोराच्या वयाकडे एकदा पाहावं, आणि मग ते ठळक वाक्य पुन्हा वाचावं.

न्यूयॉर्कचे डबे धुतले आणि खून थांबले, हा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. रेल्वेची स्वच्छता मोहीम १९८४मध्ये सुरू झाली. १२ मे १९८९ रोजी सगळे डबे ग्राफिटीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आणि १९९०मध्ये त्या शहरात २,२००हून अधिक खून झाले, तिथल्या इतिहासातला तो उच्चांक होता. डबे चकचकीत असताना! खून कमी झाले ते पुढच्या वर्षांत, आणि त्याच काळात अमेरिकेतल्या इतर अनेक मोठ्या शहरांतही झाले. डबे तरी स्वच्छ कसे झाले? डबे उभे करायच्या यार्डांना काटेरी तारांची कुंपणं घालून, कुत्री सोडून आधी पाहिलं होतं. जमलं ते वेगळ्याच उपायाने: एकदा साफ केलेला डबा पुन्हा रंगला तर तो धुतल्याशिवाय रुळावर पाठवायचाच नाही. आपलं काम शहरभर फिरताना दिसावं हीच तर रंगवणाऱ्यांची ओढ होती. ते दिसेनासं झालं, तशी पोरं डबे सोडून भिंतींकडे वळली. कोणाला झोडपून हे झालेलं नाही.

टोळ्यांचं थोडक्यात सांगते. टोळ्या भिंतींवर खुणा करतात, हे खरं आहे. लॉस एंजेलिसमध्ये त्याची जुनी परंपराच आहे. पण टोळीची खूण हद्द आखते, आणि ग्राफिटी रायटरला, म्हणजे आपलं टोपणनाव रंगवत फिरणाऱ्याला, ते नाव हद्दी ओलांडून सगळीकडे न्यायचं असतं. २१ जुलै १९७१ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ज्याच्यावर बातमी छापली तो 'टाकी १८३' हा कुठल्या टोळीचा गुंड नव्हता. १८३व्या रस्त्यावर राहणारा, निरोप पोचवण्याचं काम करणारा ग्रीक वंशाचा पोरगा होता. कामानिमित्त जिथे जाईल तिथे नाव लिहून यायचा.

कला महाविद्यालयाचं म्हणाल तर कीथ हेरिंग न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकला आणि त्यानंतर भुयारी स्थानकांतल्या जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने चित्रं काढत फिरला. पॅरिसमध्ये १९८१पासून स्टेन्सिलने (कापलेल्या साच्याने) उंदीर उमटवणारा ब्लेक ल रा हा एकोल दे बोझार या कला महाविद्यालयाचा विद्यार्थी. काबूलच्या भिंतींवर डोळे मिटलेल्या बायका रंगवणारी शमसिया हसानी काबूल विद्यापीठात ललित कला शिकवत होती. आणि ज्यांनी महाविद्यालयाचं तोंड पाहिलं नाही, त्यांनी अभ्यास केलेला नसतो असं कोणी सांगितलं? ब्लॅकबुकमध्ये, म्हणजे सरावाच्या वहीत, एकच अक्षर महिनोन्महिने वळवत बसतात. डब्याच्या कोणत्या कॅपने (रंग बाहेर सोडणाऱ्या तोंडाने) बारीक रेघ येते, कोणत्या कॅपने जाड पट्टा, डबा भिंतीपासून किती लांब धरला की कड धारदार उमटते आणि किती लांब नेला की धूसर होते, हे हाताला कळायला वर्षं जातात.

मेसेजसोबतच्या फोटोबद्दलही बोलायलाच हवं. मोठी भिंत रंगवायची असेल तर बरेच कलाकार आधी तिच्यावर वाटेल तशा खुणा करतात: आकडे, गोल, अक्षरं, फुल्या. मग भिंतीचा फोटो काढून फोनवर त्याच्यावर मूळ रेखाटन ठेवतात, म्हणजे कुठली रेघ कोणत्या फुलीजवळून जाते ते कळतं आणि तीन मजली चेहरासुद्धा प्रमाणात येतो. पहिल्या दिवशी भिंत घाण दिसते, नंतर त्या सगळ्या खुणा रंगाखाली जातात. मेसेजमधला फोटो नेमका अशाच पहिल्या दिवसाचा आहे. एकसारख्या अंतरावर पसरलेल्या खुणा बघा, लगेच ओळखू येतं. अर्धवट काम दाखवून "ही बघा यांची कला" म्हणणं हा सरळ खोटेपणा आहे.

"कायदा याला कला मानत नाही, मालकाने रातोरात चुना फासला तरी कोणी विचारत नाही." हे लिहिणाऱ्याने फाइव्ह पॉइंट्झचं नाव ऐकलेलं नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही कारखान्याची जुनी इमारत. मालक जेरी वोल्कॉफ यांच्या परवानगीने तिथे रंगकाम चालायचं, आणि २००२पासून जोनाथन कोहेन (कलाकार म्हणून टोपणनाव मेरेस वन) कोणाला कुठली भिंत द्यायची ते ठरवायचे. पुढे मालकाला तिथे उंच इमारती बांधायच्या होत्या. कलाकार न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१३मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला, आणि त्या नकाराची लेखी कारणं हाती येण्याआधीच मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासून टाकला. बरोबर मेसेजमध्ये लिहिलंय तसं.

पुढे काय झालं? फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच न्यायाधीशांनी १९९०च्या दृश्य कलाकारांच्या हक्कांच्या कायद्याखाली निकाल दिला: ४५ कलाकृती मान्यताप्राप्त दर्जाच्या होत्या, त्या जाणूनबुजून नष्ट केल्या, म्हणून प्रत्येकीमागे १,५०,००० डॉलर. २१ कलाकारांना मिळून ६७,५०,००० डॉलर. मालकाचे वकील म्हणाले, इमारत कधीतरी पडणार हे कलाकारांना ठाऊकच होतं. फेब्रुवारी २०२०मध्ये अपील न्यायालयाने तेही फेटाळलं. तात्पुरती कलाकृतीसुद्धा मान्यताप्राप्त दर्जाची असू शकते, असं सांगताना त्यांनी २००५मध्ये सेंट्रल पार्कमध्ये जेमतेम दोन आठवडे उभ्या राहिलेल्या क्रिस्टो आणि जाँ-क्लोद यांच्या 'द गेट्स' या कलाकृतीचा दाखला दिला. ऑक्टोबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. कायद्याप्रमाणे ९० दिवसांची लेखी सूचना दिली असती तर मालकावर ही पाळी कदाचित आली नसती.

यातली परवानगीची अट मी मुद्दाम अधोरेखित करते. दुसऱ्याच्या घरावर न विचारता रंग उडवणं हा गुन्हा आहे. जुन्या दगडी वास्तूंवर स्प्रे मारणाऱ्यांबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही, कारण दगडाच्या छिद्रांत गेलेला रंग दगडाला इजा केल्याशिवाय सहसा निघत नाही. ब्राझीलने २०११च्या कायद्यात हीच रेषा आखली: मालकाच्या संमतीने काढलेलं ग्राफिटी-चित्र गुन्हा नाही, न विचारता फराटलेलं नाव गुन्हा आहे. मेसेज मात्र दोघांना एकाच कोठडीत टाकतो.

राहिला पैसा. बाजार आहे, आणि तो ओंगळ आहे, हे मी नाकारत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये लिलावाचा हातोडा पडताच बँक्सीचं चित्र चौकटीतच अर्धं फाटलं, आणि २०२१मध्ये तेच चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकलं गेलं. पण ती पुनर्विक्री होती, रक्कम चित्राच्या तेव्हाच्या मालकाची. बिल्डर मंडळी रंगीत भिंती दाखवून वस्तीचे भाव चढवतात, हेही खरं. त्याविरुद्ध सर्वांत कठोर पाऊल एका रस्त्यावरच्या कलाकारानेच उचललं. 'ब्लू' या टोपणनावाच्या त्या इटालियन कलाकाराची बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातली दोन प्रचंड भित्तिचित्रं जगभर प्रसिद्ध होती. शेजारच्या जागेवर घरं बांधून त्या चित्रांच्या जोरावर ती विकली जाऊ नयेत, म्हणून डिसेंबर २०१४मध्ये त्याच्या संमतीने ती काळ्या रंगाने झाकली गेली. मार्च २०१६मध्ये बोलोन्यात रस्त्यांवरची चित्रं भिंतींवरून उतरवून प्रदर्शनात मांडायचं ठरलं, तेव्हा ब्लूने सोबत्यांना घेऊन त्या शहरातली आपली उरलेली सगळी चित्रं करड्या रंगाने पुसून टाकली. बंडखोरीचं सोंग घेऊन या माणसाने त्यातून किती कमावलं, ते मेसेज लिहिणाऱ्याने पुढच्या फॉरवर्डमध्ये सांगावं.