कॉलेजचा आकडा एकट्या क्वार्टरबॅकचा नसतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही एवढं मन लावून आणि मुद्देसूद लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत पोच देऊन मोकळं होणं बरं दिसत नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. विषय अमेरिकन फुटबॉलचा. 'कॉलेजमधली कम्प्लीशनची (पूर्ण झालेल्या पासांची) टक्केवारी बघून क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्या म्होरक्याचं, एनएफएल या व्यावसायिक लीगमधलं भवितव्य ठरवू नका, फिल्म बघा' असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे : कॉलेजमध्ये टक्केवारी कमी असूनही बफेलो बिल्समध्ये चमकलेल्या जॉश अ‍ॅलनचं एकच उदाहरण पुढे करून मी आकडे निकालात काढले. फिल्मवाल्यांनीच झॅक विल्सनच्या एका थ्रोवर भाळून न्यूयॉर्क जेट्स या संघाचं वाटोळं केलं. आणि 'टीम कुठली मिळते त्यावर बरंच असतं' ही माझी पळवाट आहे, कारण मग पारखणारा कधी चुकतच नाही.

तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि जेट्सचे सामने मेटलाइफ स्टेडियममध्ये बसून बघता, हेही लिहिलंत. ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजचे खेळाडू ओळीने निवडून घेतात त्यात) २०१८ ला तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नल्ड, २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर विल्सन, आणि दोघंही हातचे गेले. इतकं सोसल्यावर 'फिल्म बघा' हा सल्ला ऐकून चीड येणारच. पण मुद्दा मला सोडवत नाही.

विल्सनपासूनच सुरू करू. २०२० मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठाकडून खेळताना त्याची टक्केवारी होती ७३.५. टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) ३३ आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) फक्त ३. म्हणजे निव्वळ आकड्यांवर विसंबलेला माणूसही विल्सनवरच बोट ठेवून बसला असता. तुम्ही ज्याला फिल्म म्हणताय तो प्रो डेचा, म्हणजे ड्राफ्टआधी संघांना दाखवायच्या प्रात्यक्षिकाचा, थ्रो होता : डावीकडे पळत पळत अंगावरून टाकलेला तो लांबलचक पास. देखणा होता, वादच नाही. पण प्रो डेला समोर बचाव नसतो, अंगावर धावून येणारा कुणी नसतो आणि पुढचा पास कुठला हे आधीच ठरलेलं असतं. त्याला मी फिल्म म्हणत नाही. फिल्म म्हणजे सामन्यांची. त्या वर्षी कोविडमुळे ब्रिगम यंगचं वेळापत्रक कोलमडलं होतं, प्रतिस्पर्धी बरेचसे दुबळे होते आणि विल्सनला पॉकेटमध्ये, म्हणजे रक्षकांच्या आडोशाला, निवांत उभं राहायला वेळ मिळत होता. डिसेंबरमध्ये कोस्टल कॅरोलायनाशी २२-१७ अशी हार झाली, तो सामना मिळाला तर बघा. समोरची फळी अंगावर यायला लागल्यावर त्याचे पाय काय करतात ते बघायचं, हात नव्हे.

आता टक्केवारीबद्दल. आकडा खोटा नसतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच, की तो एकट्या क्वार्टरबॅकचा नसतो. त्यात कोच असतो, लाइन (त्याला वाचवणारी पुढची फळी) असते, रिसीव्हर (पास झेलणारे) असतात आणि चक्क मैदानही असतं. मैदानाचंच घ्या, कारण याकडे फार कमी लोक बघतात. रुंदी दोन्हीकडे सारखीच, १६० फूट. पण कॉलेजमध्ये दोन हॅश मार्कांमधलं (चेंडू ठेवायच्या जागेची हद्द दाखवणाऱ्या खुणांमधलं) अंतर ४० फूट असतं आणि एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू डाव्या हॅशवर असेल, तर कॉलेजमध्ये डावी साइडलाइन ६० फुटांवर येते आणि उजवीकडे १०० फूट मोकळं रान पडतं. बचावाला ते रान सांभाळायचं तर पांगावंच लागतं, आणि कोच तिकडे छोटे पास आणि स्क्रीन पास टाकून टक्केवारी हवी तेवढी वर नेऊ शकतो. एनएफएलमध्ये जवळची साइडलाइनसुद्धा सत्तर फुटांच्या पलीकडे असते. कॉलेजमध्ये सहज पोचणारा साइडलाइनचा पास तिथे आणखी दहा फूट जातो, आणि तेवढ्यात कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) मधे येतो.

दुसरी गोष्ट हेल्मेटमधल्या रेडिओची, ज्यातून कोच क्वार्टरबॅकशी बोलतो. कॉलेजमध्ये तो २०२४ पासून आला. त्याआधीचे सामने आठवा : खेळाडू रांगेत उभे राहतात, मग सगळे मान वळवून साइडलाइनकडे बघतात, तिथे कुणीतरी चित्रांचे मोठाले फलक धरून उभा असतो. बचावाची मांडणी वाचायची कोचने, प्ले (ठरलेली चाल) बदलायचा कोचने. क्वार्टरबॅकने फक्त तो टाकायचा. एनएफएलमध्ये प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की रेडिओ बंद पडतो. तिथून पुढे तो एकटा. मागचे दोन सेफ्टी (बचावपटू) स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, जागा बदलणार आहेत का, ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) कुठून येणार, लाइनला कुणाला अडवायला सांगायचं, सगळं त्याच्या डोक्यात. हे काम कॉलेजमध्ये त्याने स्वतः केलंय की नाही, ते टक्केवारीत कुठे दिसणार? मॅक जोन्सने २०२० मध्ये अलाबामाकडून ७७.४ टक्के पास पूर्ण केले. त्या संघात त्या वर्षीचा हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता डेव्होन्टा स्मिथ होता, जेलन वॉडल होता, नाजी हॅरिस होता. जोन्स वाईट खेळाडू होता असं नाही. पण तो आकडा त्या चौघांच्या मिळून घामाचा होता, आणि न्यू इंग्लंड पेट्रिअट्सना त्यातला एकच मिळाला. तीन मोसमांनंतर त्यांनी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

तुमच्या एका मुद्द्यात मात्र दम आहे. अ‍ॅलन सापडला म्हणून प्रत्येक बेफाम हातवाल्याला अ‍ॅलन समजायचं, हा रोग लीगला लागलाय खरा. २०२३ मध्ये कोल्ट्सनी अँथनी रिचर्डसनला चौथ्या क्रमांकावर घेतलं. फ्लोरिडाकडून त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे १३, टक्केवारी ५४.७. अ‍ॅलनची वायोमिंगमधली ५६.२. कागदावर दोघं भाऊ-भाऊ. रिचर्डसन २०२४ मध्ये ४७.७ वर घसरला आणि मोसमाच्या मधेच त्याला बाकावर बसवलं.

मग फरक कुठे होता? तो फिल्ममध्येच होता. अ‍ॅलनकडून छोटे सोपे पास हुकायचे ते बहुतांशी पायांमुळे. बघायचा बरोबर जागी, पण पाया रुंद पडलेला, कंबर फिरायच्या आधी हात सुटलेला, आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून. शिवाय २०१७ मध्ये त्याच्या भोवतालचा संघच बदलला होता. आदल्या वर्षीचा रनिंग बॅक ब्रायन हिल आणि सेंटर चेस रूलिए दोघंही एनएफएलमध्ये गेले होते, चांगले रिसीव्हरही गेले होते. पाय शिकवता येतात. बिल्सनी ते शिकवायला खरंच माणसं लावली, वेळ दिला, आक्रमणाचा कोच ब्रायन डेबॉलने त्याच्या मापाचा खेळ बसवला आणि २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आणला. पहिल्या तीन मोसमांची टक्केवारी बघा : ५२.८, मग ५८.८, मग ६९.२. २०२४ चा एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) तोच. रिचर्डसनला पायांबरोबर सामन्यांचीही वानवा होती. बचाव वाचण्याचा सराव १३ सामन्यांत कुणाचा होत नाही. ट्रे लान्सचे १७ होते, मिच ट्रुबिस्कीचे १३. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची संख्या हा मी मनापासून मानतो असा आकडा आहे. बो निक्स ६१ सामने खेळून आला, जेडन डॅनियल्स ५५, आणि २०२४ च्या पहिल्याच मोसमात दोघांनी आपापला संघ प्लेऑफमध्ये नेला.

सी. जे. स्ट्राउडचं प्रकरण तर मला या सगळ्या वादाचं सार वाटतं. ड्राफ्टच्या तोंडावर बातमी फुटली, की आकलनाच्या एका संगणकीय चाचणीत त्याला फार कमी गुण पडले. झालं, चर्चेला ऊत आला. त्याच्या आधी, ३१ डिसेंबर २०२२ ला, जॉर्जियाविरुद्धचा पीच बोल हा सामना होऊन गेला होता. ओहायो स्टेटमध्ये त्याला स्वच्छ पॉकेट आणि अव्वल रिसीव्हर मिळतात, दबावात काय करेल, ही शंका मलाही होती आणि ती योग्यच होती. त्या रात्री देशातला सर्वांत आडदांड बचाव त्याच्या अंगावर येत होता. तो पॉकेटमधून सरकत होता, नजर मात्र मैदानाच्या खोलवर. गरज पडली तिथे पळाला. त्याचा रिसीव्हर मार्विन हॅरिसन ज्युनियर जखमी होऊन बाहेर गेला, तरी हा थांबला नाही. ३४८ यार्ड, ४ टचडाउन. संघ ४२-४१ ने हरला, तोही शेवटची फील्ड गोल हुकल्यामुळे. शंका जी होती तिचंच उत्तर त्या सामन्यात होतं, आणि ज्याला बघायचं होतं त्याला ते दिसलं. टेक्सन्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन.

आता पळवाटेचा आरोप. तो गंभीर आहे, कारण 'टीम चांगली नव्हती' असं नंतर म्हणणं खरंच फुकटचं असतं. म्हणून माझा आग्रह हा, की पारखणाऱ्याने ड्राफ्टच्या आधी लिहून द्यावं : याला काय येतं, काय शिकवावं लागेल, त्याला किती वेळ लागेल आणि शिकवणारा कोण. मग तो चुकला की बरोबर, हे कुणालाही तपासता येतं. पॅट्रिक माहोम्स टेक्सस टेकमधून आला तेव्हा हातात काय जादू आहे हे सगळ्यांना दिसत होतं. ओक्लाहोमाविरुद्ध एका सामन्यात ७३४ यार्ड फेकून तो हरला होता. शिकायचं होतं ते एनएफएलचं वाचन. चीफ्सनी ते ओळखून २०१७ चं जवळपास पूर्ण वर्ष त्याला अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवलं, अगदी शेवटच्या सामन्यात उतरवलं. पुढच्या वर्षी ५० टचडाउन.

आणि तुमच्या जेट्सनी? विल्सनला पहिल्या सामन्यापासून उतरवलं. त्याचा राखीव माइक व्हाइट, ज्याने तोवर एनएफएलच्या मोसमात एकही पास टाकलेला नव्हता. पासिंगच्या प्रशिक्षणासाठी आणलेला अनुभवी ग्रेग नॅप जुलैमध्ये अपघातात गेला, ते दुःख वेगळंच. पण त्यानंतरही जो फ्लॅको यायला ऑक्टोबर संपत आला. तोवर पेट्रिअट्सविरुद्ध एकाच सामन्यात चार इंटरसेप्शन होऊन चुकली होती. विल्सन दुसरीकडे गेला असता तर महान झाला असता, असं मी म्हणत नाही. त्याला शिकवायला घेतलं कुणी, एवढंच विचारतो. डार्नल्ड तर जिता-जागता पुरावा आहे. यूएससी या कॉलेजात २०१७ मध्ये १३ इंटरसेप्शन, चेंडू सांभाळत नाही ही खोट तेव्हाच दिसत होती. जेट्सकडे तीन वर्षांत ती गेली नाही. २०२४ मध्ये मिनेसोटात कोच केव्हिन ओ'कॉनलच्या हाताखाली त्याच माणसाने ३५ टचडाउन फेकले आणि संघाने १४ सामने जिंकले. हात तोच होता.

टॉम ब्रेडी ड्राफ्टमध्ये १९९ वा गेला, ब्रॉक पर्डी २६२ वा, तरी दोघंही चमकले, म्हणून हा सगळा मटका आहे, या तुमच्या वाक्याबद्दल एवढंच : चुकीची पारख झाली म्हणून पारखच होत नाही असं ठरत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एकच आकडा निवडायचा तर कोणता. मी हा निवडेन : दबाव आला त्यांपैकी किती वेळा त्याचा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच तो पाडला गेला. टक्केवारी कोच वाढवून देऊ शकतो. यार्ड रिसीव्हर पळून मिळवून देतो. पण लाइन फुटल्यावर चेंडू सोडायचा, सरकायचं की कवटाळून बसायचं, हे त्या क्षणी तोच ठरवतो, आणि ती सवय कॉलेजमधून एनएफएलमध्ये त्याच्याबरोबर येते. केलेब विल्यम्सला यूएससीत चेंडू फार वेळ हातात ठेवायची खोड होती, कारण तिथे तो पळून पळून चमत्कार करायचा. शिकागोत पहिल्या वर्षी त्याचे ६८ सॅक झाले. लाइन वाईट होती हे खरंच, पण त्या ६८ मधले कितीतरी त्याने चेंडू वेळेवर सोडला असता तर टळले असते. पुढच्या ड्राफ्टच्या वेळी तुम्ही तुमचा आकडा मांडा, मी माझा मांडतो, आणि दोघंही प्रत्येक नावापुढे 'काय शिकवावं लागेल' हे लिहू. तुम्ही लिहिलेलं मी इथेच छापेन.