खुलासा : डीसी लाईनवर डीपी बसत नाही

परळी-अंबाजोगाईकडच्या शेतकरी ग्रुपांवर परवापासून एक मेसेज फिरतोय. 'चंद्रपूर-पडघे डीसी लाईनवर गावानं ठराव करून डीपी बसवला की मोटारीला चोवीस तास वीज.' हे खरं नाही. आमच्या गावात तर वर्गणीही सुरू झाली, म्हणून लिहितोय.

मी उपकेंद्रात ऑपरेटर होतो. डीपीतलं रोहित्र (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) एसीवरच, म्हणजे दिशा सारखी बदलणाऱ्या विजेवरच चालतं. एसीचा करंट सेकंदाला 50 आवर्तनं घेतो, त्यामुळं गाभ्यातलं चुंबकत्व सारखं बदलतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. डीसीत, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेत, चुंबकत्व जागच्या जागी राहतं, पलीकडं काहीच येत नाही.

1999 पासून चालू असलेली ही लाईन 752 किलोमीटर लांब, अधिक-उणे 500 केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), 1500 मेगावॉट क्षमतेची. चंद्रपूरला थायरिस्टरचे (मोठ्या विजेचे इलेक्ट्रॉनिक स्विच) व्हॉल्व्ह एसीचं डीसी करतात, पडघ्याला पुन्हा एसी होतं. मधे वीज काढून घ्यायची सोयच नाही. एसी-डीसी बदलणारी ही दोन्ही टोकांची केंद्रं फार महाग असतात, लांबच्या अंतरावर गळती कमी होते म्हणूनच तो खर्च परवडतो.

ओळखायचं कसं? लांबूनच बघा. वरची अर्थवायर (विजेपासून वाचवणारी तार) सोडली तर एसी टॉवरवर तारांचे तीन किंवा सहा संच असतात, अशा डीसी टॉवरवर दोनच, एक डाव्या हाताला, एक उजव्या.

भावांनो, मेसेज पुढं पाठवू नका, ज्यांनी पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या. वर्गणी परत करा. आणि पोरांना टॉवरवर चढू देऊ नका. एवढ्या दाबाची तार हात न लावताही जीव घेते.